तुर्भे ते ट्रॉम्बे, मुंबई ते बोंबाइं : एका शहराच्या नावाचा युरोपप्रवास

१/
ठाण्याच्या खाडीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन ठिकाणे आहेत. पूर्वेला नवी मुंबईतील तुर्भे, पश्चिमेला मुंबईतील तुर्भे. पहिले आपल्याला रेल्वेस्थानकामुळे आणि बाजारपेठेमुळे ठाऊक असते. दुसऱ्याला मात्र आज बहुतेक जण 'ट्रॉम्बे' म्हणूनच ओळखतात. मराठीत नाव एक, इंग्रजीत दोन. हे कसे घडले, हे समजून घेतले की त्याहून मोठ्या आणि पुन्हा पुन्हा वाद होणाऱ्या एका प्रश्नाची किल्ली हाती लागते. 'बॉम्बे' हे नाव आले कोठून? आजचा धागा त्यावर.

२/
या प्रश्नावर समाजमाध्यमांत दोन दावे कायम फिरत असतात. पहिला : पोर्तुगीजांनी येथील सुंदर बंदर पाहून 'बोम बाइया', म्हणजे 'चांगला उपसागर', असे नाव दिले, त्याचे बॉम्बे झाले. दुसरा : 'मुंबई' हे नाव १९९५ साली राज्यकर्त्यांनी घडवले, त्यापूर्वी शहर बॉम्बेच होते. दोन्ही दाव्यांत शहराला नाव देण्याचा मान येथील माणसांकडून काढून घेतला जातो. म्हणून ते भावनेने नव्हे, साधनांनी तपासले पाहिजेत.

३/
आधी मूळ नाव. मुंबा ही येथील कोळ्यांची देवी. 'मुंबा' आणि 'आई' यांच्या जोडणीतून 'मुंबई' झाले, ही सर्वाधिक मान्य व्युत्पत्ती. देवीचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तेथून हलले आणि आजच्या भुलेश्वर-झवेरी बाजार भागात आले. देऊळ हलले, नाव हलले नाही. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांच्या तोंडी ते अखंड राहिले. पेशवाईतील कागदांत कंपनीच्या माणसांचा उल्लेख 'मुंबईकर इंग्रज' असा येतो, हे जुनी पत्रे चाळणाऱ्यास ठाऊक असते.

४/
आता युरोपीय साधने. येथे एक सावधगिरी. 'या नावाचा सर्वांत जुना उल्लेख १५०७चा, मिरात-इ-अहमदीमध्ये मनबाई असा' हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते. प्रसंग १५०७च्या सुमाराचा आहे, हे खरे. परंतु तो सांगणारा मिरात-इ-अहमदी हा फार्सी ग्रंथ गुजरातेत अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिला गेला. म्हणजे प्रसंग आणि लेखणी यांच्यात सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर. अशा उल्लेखास समकालीन पुरावा म्हणता येत नाही.

५/
तीच गोष्ट गास्पार कोरिया या पोर्तुगीज इतिहासकाराची. त्याच्या 'लेंडास दा इंडिया' या ग्रंथात १५०८च्या घटनांच्या ओघात 'बोंबाइं' हे रूप येते आणि ते '१५०८चे' म्हणून उद्धृत होते. कोरियाने मात्र आपला ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केला. तोवर पोर्तुगीजांचा या बेटांवर ताबा बसला होता आणि त्यांच्यात नावाचे एक रूप रूढ होऊ लागले होते. इतिहास वाचताना हा नियम गाठीशी बांधावा : घटनेचे साल निराळे, साधनाचे साल निराळे.

६/
मग खरोखर जुना म्हणावा असा उल्लेख कोणता? दुआर्त बार्बोझा हा पोर्तुगीज अधिकारी मलबारात अनेक वर्षे राहिला. त्याचे हिंदी महासागराकाठच्या देशांचे वर्णन सुमारे १५१६चे. त्यात गुजरातच्या सुलतानाच्या अमलाखालील एका ठिकाणाचे नाव येते, 'ताना-मायांबू'. 'ताना' म्हणजे ठाणे. 'मायांबू' या रूपात मुंबईची छाया दिसते. पोर्तुगीजांना ही बेटे मिळाली १५३४मध्ये, बहादूरशहाशी झालेल्या वसईच्या तहाने. म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य येण्यापूर्वीच पोर्तुगीज कानांवर नाव पडले होते आणि त्याची सुरुवात 'म'ने होत होती. नाव त्यांनी दिले नाही, ऐकले.

७/
पुढची रूपे पाहा. सिमाँव बोतेल्यु याच्या १५५४च्या महसुली नोंदवहीत 'मोंबाइं'. गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या ग्रंथात 'मोंबाइं'. हा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला आणि भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ओर्ताची साक्ष विशेष मोलाची, कारण मुंबई बेट त्यालाच राजाकडून खंडाने मिळाले होते. ज्याच्या हाती बेट होते, तो माणूस 'म'नेच नाव लिहितो. 'चांगला उपसागर' असा अर्थ नावात खरोखर असता, तर पोर्तुगीज हीच मातृभाषा असलेल्या ओर्ताला तो दिसला नसता काय?

८/
'बोम बाइया' या कथेला व्याकरणाचाही अडथळा आहे. पोर्तुगीजमध्ये 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी. त्याचे विशेषण 'बोआ' येईल, 'बोम' नव्हे. 'बोम बाइया' म्हणणे म्हणजे मराठीत 'चांगला खाडी' म्हणण्यासारखे. शिवाय पोर्तुगीजांनी जेथे खरोखर उपसागरावरून नाव दिले, तेथे तो शब्द धडधडीत टिकून आहे. ब्राझीलमधील बाइया प्रांत हे त्याचे ठळक उदाहरण. बोंबाइंच्या शेवटचे 'बाइं' आणि 'बाइया' यांचा मेळ बसत नाही.

९/
ही कथा लिहून ठेवणाऱ्यांत एक इंग्रज धर्मोपदेशक आहे. जॉन ओव्हिंग्टन १६८९च्या सुमारास येथे आला. त्याचे प्रवासवर्णन १६९६मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो की बेटाचे मूळ नाव 'बून बे', म्हणजे पोर्तुगीजमध्ये चांगले बंदर. बार्बोझानंतर पावणेदोनशे वर्षांनी, तेही एका इंग्रजाने पोर्तुगीज भाषेविषयी केलेले हे विधान. अपरिचित शब्दात ओळखीचा शब्द शोधून त्यावर अर्थ बसवायचा, याला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. बंदर खरोखरच उत्तम असल्याने ही लोकव्युत्पत्ती पटायला सोपी गेली, एवढेच.

१०/
मग 'मुंबई'चे 'बोंबाइं' झाले तरी कसे? दोन प्रश्न सोडवावे लागतील : आरंभीच्या 'म'चा 'ब' कसा झाला, आणि शेवटी अनुनासिक कोठून आले.

पहिला प्रश्न सोपा. 'म' आणि 'ब' दोन्ही ओष्ठ्य वर्ण. ओठ तेच, जागा तीच. फरक इतकाच की 'म' उच्चारताना हवा नाकातून जाते. सर्दीने नाक चोंदले की 'मामा' म्हणावे तर 'बाबा' ऐकू येते, याचा अनुभव प्रत्येकाला असतो. त्यात 'मुंबई' या नावाच्या पोटातच पुढे 'ब' आहे, त्याची ओढ निराळी. सोळाव्या शतकात 'मोंबाइं' आणि 'बोंबाइं' ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढे दुसरे टिकले.

११/
दुसरा प्रश्न अधिक रंजक. पोर्तुगीजांनी घेतलेली आपल्या किनाऱ्यावरची नावे ओळीने मांडा :

पणजी – पंजिम
कोची – कोचिम
आगशी – आगासाइं
वसई – बसाइं
मुंबई – बोंबाइं

आपले नाव 'ई'वर संपते, त्यांचे अनुनासिकावर. एखादे नाव असे बदलले असते तर योगायोग म्हणता आला असता. गोव्यापासून वसईपर्यंत आणि खाली केरळापर्यंत हेच घडत असेल, तर तो त्या भाषेचा स्वभाव आहे.

१२/
हा स्वभाव पोर्तुगीजांच्या स्वतःच्या शब्दांतही दिसतो. लॅटिनमधील एका शब्दापासून 'होय' या अर्थाचा शब्द स्पॅनिशमध्ये 'सी' असा आला. तोच पोर्तुगीजमध्ये 'सीं' झाला, शेवटी नाकात. 'मला' या अर्थाचे लॅटिन 'मिही' त्यांच्याकडे 'मीं' झाले. म्हणजे शब्दाच्या अखेरीस येणारा 'ई' नाकातून सोडण्याची सवय त्यांनी येथे येऊन लावून घेतली नाही. ती लिस्बनहून जहाजात बसून आली. पणजीला पंजिम म्हणणाऱ्याच्या मनात आपल्या गावाचे नाव बिघडवण्याचा हेतू नव्हता. त्याच्या जिभेला तेच सरळ वाटत होते.

१३/
आता इंग्रज. १६६१मध्ये दुसऱ्या चार्ल्सचा पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाहाचा करार झाला आणि मुंबईचे बेट इंग्रजांच्या राजाकडे आले. १६६८मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बेटासोबत नावही हस्तांतरित झाले. इंग्रजांनी ते मराठी माणसाकडून नव्हे, पोर्तुगीजांकडून घेतले. म्हणून त्यांच्याही आरंभीच्या लिखाणात 'बोंबाइं' आढळते. हळूहळू शेवटचे अनुनासिक गळाले आणि 'बॉम्बे' स्थिरावले.

१४/
येथे एक प्रश्न उभा राहतो. इंग्रजांनी कोचिमचे 'कोचिन' केले, बसाइंचे 'बॅसीन' केले. तेथे अनुनासिक राखले. मग बोंबाइंचेच का टाकले? एक संभाव्य कारण असे की शेवट 'बे' असा लिहिला की इंग्रजी डोळ्याला त्यात 'बे', म्हणजे उपसागर, दिसतो. समोर बंदर आहेच. लेखनरूपाने कथेला बळ दिले आणि कथेने लेखनरूपाला. हे अनुमान आहे, ते अनुमान म्हणूनच घ्यावे. मात्र ते पारखून पाहण्याची एक सोय इतिहासाने आपल्या दाराशीच करून ठेवली आहे.

१५/
ती सोय म्हणजे तुर्भे. तुर्भ्याचे इंग्रजी रूप पाहा, 'ट्रॉम्बे'. आरंभीचे 'तुर्' उलटून 'ट्रो' झाले, मध्ये ओठांचे अनुनासिक शिरले आणि 'भे'चा शेवट रोमन लिपीत हुबेहूब 'बॉम्बे'च्या शेवटासारखा लिहिला गेला. आता 'बॉम्बे' म्हणजे 'चांगला बे' असेल, तर 'ट्रॉम्बे' म्हणजे कोणता बे? 'ट्रॉम' हा कसला उपसागर? कोणीही असा अर्थ लावत नाही, कारण मूळ नाव तुर्भे आहे आणि त्यात कोणताही उपसागर नाही, हे सर्वांना मान्य आहे. जो न्याय तुर्भ्याला, तोच मुंबईला. शेवटचे 'बे' हे रोमन लिपीचे काम आहे, अर्थाचे नव्हे.

१६/
हे पश्चिम काठावरच्या तुर्भ्याचे झाले. ते एकेकाळी साष्टीच्या पूर्वेला असलेले स्वतंत्र बेट. डोंगर सुमारे तीनशे मीटर उंच, त्यामुळे बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून दिसणारी खूण. इंग्रजांनी या डोंगराला आणखी एक नाव दिले होते, 'नीट्स टंग'. 'नीट' हा गुराढोरांसाठीचा जुना इंग्रजी शब्द. म्हणजे 'बैलाची जीभ'. लांबट, गुळगुळीत आकारावरून पडलेले हे नाव. ते नकाशांत आणि गॅझेटिअरात राहिले, तोंडी रुळले नाही. आज ते कोणाला आठवतही नाही.

१७/
येथे परक्याने नाव ठेवण्याच्या दोन रीती स्पष्ट होतात. पहिली, ऐकलेले नाव आपल्या जिभेला वळवून घ्यायचे : मुंबई, वसई, तुर्भे. दुसरी, ऐकण्याची तसदी न घेता दिसेल त्यावरून नवे नाव ठेवायचे. घारापुरीचे 'एलिफंटा' झाले ते असे. बेटाच्या धक्क्याजवळ दगडी हत्ती होता, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला हत्तीचे बेट म्हटले. तो हत्ती पुढे कोसळला. त्याचे तुकडे मुंबईत आणून जोडण्यात आले आणि आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. ज्याच्यावरून नाव पडले तो हत्ती बेटावर नाही, नाव मात्र जगभर आहे.

१८/
ठेवलेले नाव आणि वळवलेले नाव यांत मोठा भेद आहे. 'एलिफंटा' या शब्दात घारापुरीचा मागमूस नाही. 'बोंबाइं'त मुंबई पूर्ण शाबूत आहे, फक्त तिचा उच्चार परका आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीचे नामकरण केले, असे म्हणता येईल. मुंबईचे नामकरण केले, असे म्हणता येणार नाही. ज्याला नाव ऐकून उच्चारावे लागले, त्याने ते दिलेले नसते.

१९/
खाडीच्या परिसरातील इतर नावांवरही हीच प्रक्रिया झालेली दिसते. इ.स.च्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण 'कॅलिएना' होते, सोपारे 'सुप्पारा' आणि चौल 'सेमुल्ला'. शिलाहारांच्या काळातील श्रीस्थानक म्हणजे ठाणे, मार्को पोलोच्या वृत्तांतात 'ताना'. साष्टीचे पोर्तुगीजांनी 'साल्सेत' केले. गोव्यातील साष्टीचेही तेच. सहासष्ट गावांच्या समूहावरून दोन्हींना ते नाव पडल्याचे सांगतात. एकाच भाषेने दोन ठिकाणचे एकच नाव सारखेच वळवले, हा नियमाचा आणखी एक पुरावा. वांद्रे 'बांदोरा' झाले, वसई 'बसाइं'. दोन्हीकडे 'व'चा 'ब'.

२०/
वसईची पुढची गंमत ऐका. इंग्रजीत तिचे 'बॅसीन' झाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तो इंग्रजी इतिहासात 'बॅसीनचा तह'. त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशातील पाथेन या शहरालाही नेमक्या त्याच अक्षरांत 'बॅसीन' लिहिले. वसई आणि पाथेन या नावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण इंग्रजी नकाशात दोघी जुळ्या बहिणी. केवळ रोमन लेखनावरून व्युत्पत्ती करणाऱ्याने हे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावे.

२१/
आता उर्वरित युरोप. लिस्बनला जमणारी माहिती पुढे इतर देशांतील नकाशाकार आणि मुद्रकांकडे पोहोचे. नंतर इंग्रजी रूपाला जोर आला आणि बहुतेक भाषांनी तेच उचलले, परंतु प्रत्येकीने आपल्या कानाप्रमाणे आणि लिपीप्रमाणे. फ्रेंचांनी अक्षरे इंग्रजीचीच ठेवली, उच्चार मात्र नाकातून 'बोंबे'. चेक भाषेत 'बोंबाय'. पोलिशमध्येही तेच, आता सोबत 'मुंबाय'. रशियनमध्ये 'बोम्बेय', आता 'मुंबाई'. लिथुएनियन भाषेत पुल्लिंगी नामाला प्रत्यय लावल्याशिवाय चालतच नाही, म्हणून तेथे पूर्वी 'बोंबेयुस' आणि आता 'मुंबायुस'.

२२/
सर्वांत बोलके उदाहरण ग्रीकचे. प्राचीन ग्रीकमधील 'बीटा' या अक्षराचा उच्चार काळाच्या ओघात 'व' झाला. परिणामी जुन्या वळणाने लिहिलेले मुंबईचे नाव आधुनिक ग्रीक माणूस 'व्होमव्हाई' असे वाचतो. आज त्यांना 'ब' लिहायचा असेल तर 'म' आणि 'प' ही दोन अक्षरे जोडावी लागतात. 'मुंबई' लिहिताना ते तसेच करतात. त्यांच्या 'ब'मध्ये 'म' दडलेला आहे, आणि आपला सारा वाद 'म' आणि 'ब' यांचाच!

२३/
मूळ पोर्तुगीज रूपाचे काय झाले? ते जिवंत आहे. पोर्तुगीज भाषेत आजही शहराला 'बोंबाइं' म्हटले जाते. स्पॅनिशमध्ये 'बॉम्बे'चीच शिफारस केली जाते. जर्मन आणि डच वृत्तपत्रांत मात्र 'मुंबई' रुळली. यावरून कोणी आपला मान राखला आणि कोणी नाही, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपण तरी पोर्तुगालच्या राजधानीला काय म्हणतो? लिस्बन, इंग्रजांचे ऐकून. तेथील माणूस म्हणतो 'लिझ्बोआ'. फ्रेंच माणसाच्या 'पारी'ला आपण 'पॅरिस' म्हणतो, आणि त्यात अनादर नसतो.

२४/
आपल्या पूर्वजांनीही हेच केले. 'इंग्रज' हा मराठी शब्द इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज 'इंग्लेझ'वरून आला. 'ओलांदेझ'चे मराठीत 'वलंदेज' झाले, 'फ्रांसेझ'चे 'फरासीस'. 'फिरंगी' हा शब्द त्याहून जुना. फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फार्सीत जे रूप झाले, त्यावरून तो आला आणि आपण तो पोर्तुगीजांना चिकटवला. 'वलंदेज' म्हटल्याने हॉलंडचे नामकरण मराठ्यांनी केले असे ठरत नाही. मग 'बोंबाइं' म्हटल्याने मुंबईचे नामकरण पोर्तुगीजांनी केले असे का ठरावे?

२५/
राहिला दुसरा दावा, १९९५चा. त्या काळी जे झाले ते नामकरण नव्हते. शतकानुशतके मराठीत आणि गुजरातीत चालत आलेले नाव इंग्रजी व्यवहारातही अधिकृत झाले, इतकेच. त्यापूर्वी एकाच शहराची तीन नावे एकाच वेळी चालत होती : मराठी-गुजरातीत मुंबई, हिंदी-उर्दूत बंबई, इंग्रजीत बॉम्बे. तिन्ही खरी होती, आपापल्या भाषेत. नवी मुंबईचेही तसेच. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे शहर वसवू लागली, तेव्हा इंग्रजी कागदांवर 'न्यू बॉम्बे' असे, पण मराठी माणसाच्या तोंडी ती 'नवी मुंबई'च होती.

२६/
जुनी रूपे मात्र एका आदेशाने पुसली जात नाहीत. उच्च न्यायालय इंग्रजीत 'बॉम्बे'चेच आहे. पवईची आयआयटीही. विमानतळाचे तीन अक्षरी संकेतचिन्ह आजही 'बी-ओ-एम'. चित्रसृष्टीच्या 'बॉलिवूड' या टोपणनावातला 'ब' बॉम्बेचाच. आणि ट्रॉम्बे? १९५४मध्ये तेथे अणुऊर्जा संशोधनाची संस्था उभी राहिली, १९५६मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली, १९६७मध्ये संस्थेला डॉ. होमी भाभांचे नाव मिळाले. या कामाबरोबर 'ट्रॉम्बे' हे रूप जगभरच्या विज्ञानविषयक लिखाणात पोहोचले आणि पश्चिम काठावरचे 'तुर्भे' मागे पडले.

२७/
पूर्व काठावरचे तुर्भे, आगरी-कोळ्यांचे गाव, या सगळ्यापासून दूर राहिले. युरोपीय वळणाचे असे दुसरे नाव त्याला चिकटले नाही. तेथे औद्योगिक वसाहत आली, बाजार आले, ठाण्याहून लोकलही आली. वसाहतीचे नाव मात्र 'ट्रान्स ठाणे क्रीक', म्हणजे 'ठाण्याच्या खाडीपलीकडची'. हे 'पलीकडे' मुंबईत उभ्या असलेल्या माणसाचे. तुर्भ्यात उभे राहिले तर पलीकडे असते ते ट्रॉम्बे. नाव कोणी, कोठे उभे राहून उच्चारले, हे त्या नावातच नोंदलेले असते.

२८/
तर मित्रहो, एखाद्या गावाच्या नावाची कथा समोर आली की तीन गोष्टी तपासा.

एक, साधन कधीचे? घटनेचे साल पाहून फसू नका, लेखणीचे साल पाहा.
दोन, शेजारची नावे कशी बदलली? पणजी, कोची, वसई, तुर्भे यांना सोडून एकट्या मुंबईचा निवाडा होत नाही.
तीन, ज्या भाषेतला अर्थ सांगितला जातो, त्या भाषेचे व्याकरण तो अर्थ मान्य करते काय?

'चांगला उपसागर' ही कथा तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. '१९९५चे नाव' ही कथा पहिल्याच कसोटीवर गळते.

२९/
खाडीच्या एका काठावरच्या पाटीवर आज रोमन लिपीतही 'तुर्भे' आहे, दुसऱ्या काठावर 'ट्रॉम्बे'. दोन पाट्या शेजारी ठेवल्या, की मुंबईच्या नावावर चार शतके काय घडत गेले ते सांगायला आणखी कशाची गरज उरत नाही.

तुमच्या गावाचे नाव जुन्या गॅझेटिअरात किंवा नकाशात कसे लिहिले आहे, ते शोधा आणि या धाग्याखाली नोंदवा. गावातील वडीलधारी मंडळी ते नाव कसे उच्चारतात, तेही आवर्जून लिहा. आपली ही नावे सर्वांत आधी कोणत्या नकाशात नाही, या तोंडी उच्चारांत होती.

धागा समाप्त.